गाळा, भाडेकरार आणि छोटा धंदा: सोलापुरात सुरुवात करणाऱ्यांनी आधी कुठले कागद बघायचे

जागेचा किंवा धंद्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "कागद हायेत का?" आणि उत्तर ठरलेलं, "हायेत की सगळे." मग प्लास्टिकची पिशवी उघडली जाते आणि त्यातनं निघतं काय, तर महापालिकेची टॅक्स पावती, लाइट बिल, नोटरी केलेलं एक साठेखत आणि चुलत्याच्या नावावरच्या सातबाऱ्याची पुसट झेरॉक्स. कागद असतात हो, पण त्यातला कुठला कशाचा पुरावा आहे आणि कशाचा अजिबात नाही हे कुणी बघत नाही, आणि पुढं भांडण लागतं ते बरोबर तिथंच.

मी वकील नाही, कर सल्लागाराच्या ऑफिसात बसतो आणि दिवसभर असल्याच पिशव्या बघतो. केस उभी राहिली तर वकील लागतोच, त्याला पर्याय नाही, पण केस उभीच राहू नये म्हणून करायची कामं साधी असतात. पहिल्यांदाच गाळा भाड्यानं देणाऱ्या, घेणाऱ्या किंवा घरातच दोन शिलाई मशीन टाकून युनिफॉर्मचं काम सुरू करणाऱ्यासाठी हे क्रमानं लिहितोय.

पहिलं काम, जागा नक्की कुणाची ते बघणं

मालक म्हणून जो समोर बसलाय तो खरंच मालक आहे का, एवढाच प्रश्न. जागा जुन्या पेठांमधली असेल, म्हणजे साखर पेठ, मंगळवार पेठ, चाटी गल्ली वगैरे, तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड मागा. हद्दवाढ भागात, म्हणजे शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव, बाळे इकडं, बऱ्याच जागांना अजून सातबाराच आहे. दोन्ही ऑनलाइन निघतात, त्यामुळं मालकानं दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, आजच्या तारखेचा उतारा स्वतः काढा आणि त्यातला इतर हक्काचा रकाना वाचा, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथं दिसतो.

आता टॅक्स पावतीचं सांगतो कारण सगळ्यात जास्त घोळ तिथं आहे. इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या ऑफिसात, भरलेला टॅक्स म्हणजे टॅक्स भरल्याचा पुरावा, बस. टॅक्स कुणीही भरू शकतो, महापालिकेला तिचे पैसे मिळण्याशी मतलब. पावतीवर नाव लागलं म्हणून कुणी मालक होत नाही आणि नाव नाही म्हणून मालकी जातही नाही. सातबारा आणि प्रॉपर्टी कार्डसुद्धा महसुलाची नोंद आहे, कोर्टांनी वारंवार सांगितलंय की निव्वळ नोंदीनं मालकी मिळत नाही. मालकी येते ती रजिस्टर झालेल्या खरेदीखतानं, बक्षीसपत्रानं, वाटणीपत्रानं, मृत्युपत्रानं किंवा वारसा हक्कानं, आणि नोंद त्याच्या मागनं येते.

साठेखत म्हणजे पुढं खरेदी करायचा करार. नुसत्या साठेखतानं जागा तुमची होत नाही, मग सगळे पैसे दिलेले असोत, ताबा असो. त्याला जोडून मुखत्यारपत्र घेतलं तरी होत नाही, सुप्रीम कोर्टानं २०११ च्या सुरज लँप निकालात हे स्पष्ट केलंय. आणि नोटरीचा लाल शिक्का म्हणजे सही नोटरीसमोर झाली एवढंच, नोटरी केलेलं खरेदीखत आणि रजिस्टर झालेलं खरेदीखत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हद्दवाढ भागात गुंठा-दोन गुंठ्याचे प्लॉट असेच नोटरीवर फिरलेत, एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं, आणि सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव. असा प्लॉट दिसला तर गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालाय का ते विचारा. मूळ कायदा २००१ चा, तो १ जानेवारी २००१ च्या आधीच्या प्लॉटांपुरता होता, २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. "अर्ज केलाय, होईल" हे उत्तर धरायचं नाही, आदेश आणि नकाशा हातात पाहिजे.

खरेदी करणाऱ्यानं तर सूची क्रमांक २, म्हणजे रजिस्टर झालेल्या दस्तांच्या नोंदीचा उतारा, काढल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये. नोंदणी विभागाच्या साइटवर शोध घेता येतो, आणि वकिलाकडनं ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यायची पद्धत आहे ती उगाच नाही. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, हे बऱ्याच जणांना आयकर विभागाची नोटीस आल्यावर कळतं.

वारसांचा विषय. शहराच्या पूर्व भागात आणि पेठांमध्ये घर अजून आजोबांच्या नावावर असतं, वरच्या मजल्यावर मोठा, खाली धाकटा, पुढच्या गाळ्याचं भाडं तिसराच घेतोय आणि दोन बहिणी लग्न होऊन एक हैदराबादला, एक भिवंडीला. सगळं गोडीत चाललेलं असतं. पण कागदावर त्या बहिणींचा हिस्सा भावांइतकाच आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ ला वडील हयात नसले तरी हा हक्क आहे. "बहिणीनं साडी-चोळी घेऊन हक्क सोडलाय" हे कोर्टात चालत नाही, हक्कसोडपत्र रजिस्टर पाहिजे. म्हणून अशी जागा भाड्यानं घेताना सगळ्या वारसांच्या सह्या किंवा निदान एकाला दिलेलं लेखी अधिकारपत्र मागा, नाहीतर दुकानात फर्निचर बसवून झाल्यावर धाकटा येतो आणि म्हणतो मला कुणी विचारलंच नाही. नाव लावायचं काम मालकांनीही लांबवू नये. वारसानं हक्क मिळाला तर ३ महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, आणि खरेदी झाली तर ३ महिन्यांत महापालिकेला. आणि महापालिकेचा टॅक्स थकला तर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, वर्षाचे २४ झाले, सावकार बरा.

दुसरं काम, भाडेकरार, आणि इथं ११ महिन्यांचं भूत उतरवू

"११ महिन्यांचा केला की रजिस्टर करावा लागत नाही." हे वाक्य सोलापुरात निम्म्या घरमालकांना पाठ आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथनं ते आलंय. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, आणि त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायच्या परवानगीचा) करार लेखी आणि रजिस्टरच पाहिजे, ११ महिने असो की ३ वर्षं. जबाबदारी मालकाची. नाही केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी मार पुढं आहे: करार रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. म्हणजे तुम्ही म्हणणार भाडं १२ हजार ठरलं, तो म्हणणार ७ हजार, आणि सिद्ध करत बसायचं तुम्ही.

खर्च बघा किती होतो. भाडं महिना १२,०००, डिपॉझिट १ लाख, मुदत ३६ महिने. एकूण भाडं ४,३२,०००. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ३ वर्षांचे ३०,०००. बेरीज ४,६२,०००, त्यावर ०.२५ टक्के म्हणजे १,१५५ रुपये स्टॅम्प ड्युटी. शहर हद्दीत नोंदणी फी १,०००. वर थोडंफार हाताळणी शुल्क आणि एजंटानं घरी येऊन अंगठा घेतला तर त्याचे पैसे. आधार असेल तर ऑनलाइन होतं, रजिस्ट्रार ऑफिसला जायलाही लागत नाही. एवढ्यासाठी लोक ५०० च्या स्टॅम्पवर टाइप करून आणतात (१०० चा आता विसरा, ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांना किमान ५०० केलेत) आणि दोन-अडीच हजार वाचवल्याचं समाधान मानतात.

करारात काय लिहायचं, तर एजंटाचा छापील नमुना वाचल्याशिवाय सही नको. जागेचं वर्णन नीट, सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबरासकट. वापर कशासाठी ते स्पष्ट, कारण "दुकान" लिहून दिलं आणि आत कडक भाकरीची भट्टी लागली की वरचा मजला तापतो आणि भांडण सुरू. भाडं कधी, किती वाढणार. टॅक्स कोण भरणार, पाणीपट्टी कोण. डिपॉझिट किती दिवसांत परत. मुदतीआधी सोडायचं तर किती महिन्यांची नोटीस. शटर, माळा, काउंटर भाडेकरूनं केला तर जाताना नेणार की ठेवणार. आणि लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ जागा सोडायची नाही अशी अट, लिहिलं असेल तर ते दोघांना लागू आहे की फक्त भाडेकरूला, ते बघा, छापील नमुन्यात हमखास एकतर्फी असतं.

मालकांसाठी एक बारीक गोष्ट. राहायला दिलेल्या जागेचं लायसन्स संपलं आणि माणूस निघत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, भरपाई भाड्याच्या दुपटीनं मिळू शकते. हा जवळचा रस्ता फक्त राहत्या जागेला आहे, गाळ्याला नाही. गाळ्यासाठी दिवाणी कोर्टच, म्हणून गाळ्याचा करार जास्त काळजीनं करा.

भाडं रोख घेत असाल तर पावती द्या, देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि भाडेकरूनं ती मागून घ्यायला लाजू नये. मी तर म्हणतो बँकेतनं द्या नाहीतर यूपीआय करा, आणि शेऱ्यात महिना लिहा, "जून भाडं" एवढं पुरतं.

"१२ वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो" ही दुसरी अफवा. परवानगीनं राहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्यानं मालक होत नाही. त्या भीतीनं दर ११ महिन्यांनी भाडेकरू हलवणारे मालक आहेत, उगाच रिकामा गाळा ठेवून नुकसान करून घेतात. जुन्या, म्हणजे आजोबांच्या काळापासूनच्या भाडेकरूची गोष्ट वेगळी, त्याला १९९९ च्या कायद्याचं संरक्षण आहे, तिथं वर्षाला ४ टक्के वाढ मागता येते, आणि थकबाकीसाठी खाली करायचं तर आधी ९० दिवसांची लेखी नोटीस.

तिसरं, चावी देताना

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, ऑनलाइन होते, सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे आणि त्यांचे तसे आदेश निघत असतात. ओळखीचा असला तरी द्या.

मीटरकडं लक्ष द्या. घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढलं आणि मीटर घरगुतीच ठेवला, असं गल्लोगल्ली आहे. महावितरणचा माणूस तपासणीला आला की फ्रीज, शटर आणि काउंटर बघून पंचनामा करतो, मग वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते, कधीपासून वापर आहे ते ठरवता आलं नाही तर १२ महिन्यांची. आणि बिल येतं मीटर ज्याच्या नावावर त्याच्या, म्हणजे मालकाच्या. भाडेकरू तोपर्यंत गेलेला असतो. म्हणून दुकान सुरू व्हायच्या आधी व्यापारी जोडणी करून घ्या, आणि चावी देताना मीटरचं रीडिंग दिसेल असा फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सॲपवर ठेवा.

चौथं, धंद्याच्या नोंदण्या

शॉप ॲक्ट. २०१७ चा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. एक-दोन-पाच पोरं कामाला असलेल्या छोट्या दुकानाला परवाना लागत नाही, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. मूळ कायद्यात नोंदणी १० कामगारांपासून होती, २०२५ मध्ये ती मर्यादा २० वर न्यायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. लोक ही पावती फ्रेम करून लावतात आणि समजतात की जागा कायदेशीर झाली. जागेच्या कायदेशीरपणाशी तिचा काही संबंध नाही, खाली सरकारी रस्ता असला तरी पावती निघते.

पाटी. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं चालतं आणि पाटीवर सगळं लिहा, हरकत नाही. पण देवनागरी मराठी आधी, आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे छोट्या दुकानांनाही लागू आहे. फ्लेक्सवाल्याला आधीच सांगा, नाहीतर तो इंग्रजी नाव मोठं आणि मराठी कोपऱ्यात टाकून देतो.

व्यवसाय कर वर्षाला २,५००, याचा सगळ्यांना विसर पडतो आणि मग विलंब शुल्क धरून भरायला येतात. खाण्याचं काहीही विकत असाल, शेंगा चटणी घरातनं विकत असाल तरी, अन्न सुरक्षेची नोंदणी लागते.

जीएसटी. मालाच्या धंद्याला उलाढाल ४० लाखांच्या वर, सेवेला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा असेल तर ही सूट धरून बसू नका, आपल्याकडचे टॉवेलवाले कर्नाटक, तेलंगणाला माल घालतात आणि इथंच अडकतात. नोंदणीला जागेचा पुरावा मागतात: रजिस्टर भाडेकरार आणि मालकाच्या नावाचं लाइट बिल किंवा टॅक्स पावती. आता कळलं असेल की मघाशी जागा नक्की कुणाची ते आधी बघा असं का म्हणालो. पावती आजोबांच्या नावाची, करार नातवानं केलेला, ऑफिसर लगेच विचारणा पाठवतो.

आणि एक नवा काटा. १० ऑक्टोबर २०२४ पासून, भाडेकरू जीएसटीत असेल आणि गाळ्याचा मालक जीएसटीत नसेल, तर भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी भाडेकरूनं स्वतः भरायचा. नेहमीच्या पद्धतीत त्याची वजावट मिळते, पण आधी रोखीनं भरावाच लागतो. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या धंद्यांना, १६ जानेवारी २०२५ पासून यातनं मोकळं केलंय. तुमच्या ऑफिसातला पोरगा हे करतोय का एकदा विचारून बघा.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची (एमएसएमई) सरकारी नोंदणी, फुकट आहे, शंभर टक्के फुकट, आधार आणि पॅनवर होते. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. ही नोंदणी माल विकायला सुरुवात करायच्या आधी काढा, का ते पुढं येतंय. आणि हो, "सोलापुरी चादर" आणि "सोलापूर टेरी टॉवेल" ही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, नोंदलेली नावं आहेत, बाहेरनं आणलेल्या मालावर ते लेबल शिवून विकणं हा वेगळा गुन्हा अंगावर घेणं आहे.

पाचवं, पैसे अडकले तर

अडकतातच. युनिफॉर्मवाल्यांचे जूनच्या सीझनचे पैसे दिवाळीपर्यंत फिरत असतात. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल, माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानं घेणाऱ्यानं लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन टाकता येते. याला उद्यम नोंदणी पाहिजे, आणि माल गेल्यावर काढलेल्या नोंदणीवर वाद घालतात म्हणून ती आधी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा फायदा नाही, त्याची नोंदणी कर्जापुरतीच कामाची. शिवाय पैसे वेळेत दिले नाहीत तर घेणाऱ्याला आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, हे फोनवर शांतपणे सांगितलं की बऱ्याच पार्ट्या मार्चमध्ये पैसे सोडतात.

चेक परत आला तर तारखा सांभाळा, बाकी सगळं नंतर. बँकेचा मेमो हातात आला त्या दिवसापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. ते संपले की एका महिन्यात कोर्टात तक्रार. पार्टी गोड बोलते, "अण्णा, पुढच्या सोमवारी परत टाका की", आणि तुम्ही सोमवार मोजत बसता आणि ३० दिवस निघून जातात. चेकची मुदत ३ महिने असते, त्या मुदतीत तो परत टाकता येतो आणि परत आला तर नवा मेमो मिळतो, पण मुदत संपली की कलम १३८, म्हणजे चेक परत आल्याची फौजदारी केस, हातातनं गेलं. नोटीस स्पीड पोस्टानं पोच मिळेल अशी पाठवा, रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय. चांगली गोष्ट ही की २०१५ च्या दुरुस्तीनंतर केस तुमचं खातं जिथं आहे त्या शाखेच्या ठिकाणी चालते. पार्टी हैदराबादची असो की हुबळीची, खातं सोलापुरात असेल तर त्यानं सोलापूरला यायचं.

चेकच घेतला नसेल तर साध्या उधारीच्या वसुलीसाठी ३ वर्षांची मुदत असते. त्यानं मधेच थोडे पैसे दिले किंवा बाकी मान्य करून सही दिली तर मुदत नव्यानं मोजतात, म्हणून वर्षाला एकदा खातेउतारा पाठवून त्यावर सही-शिक्का घ्यायची सवय लावा. बिलावर माल मिळाल्याची सही असलीच पाहिजे, नुसता ट्रान्सपोर्टचा बिल्टी नंबर असेल तर "माल मिळालाच नाही" म्हणायला तो मोकळा.

भांडण लागलंच तर

मालकांनी एक गोष्ट कधीच करू नये: भाडं थकलं म्हणून गाळ्याला आपलं कुलूप ठोकणं किंवा लाइट-पाणी तोडणं. पाणी-लाइट तोडणं भाडे नियंत्रण कायद्यात गुन्हा आहे, आणि कुलूप लावून बाहेर काढलं तर भाडेकरू ६ महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो, तिथं मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही. थकबाकी त्याची आणि आरोपी तुम्ही, असं होतं. भाडेकरूंनीही मालक भाडं घ्यायला नको म्हणाला म्हणून गप्प बसू नये, मनीऑर्डर करा, बँकेत टाका, परत आलं तर परत आल्याचा कागद जपा. पुढं "भाडं दिलंच नाही" असं तो म्हणाला की तोच कागद कामाला येतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्या बहुतेकांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे. फोन करायचा तर १५१००. चेकच्या आणि थकबाकीच्या केसेस लोकअदालतीत ठेवता येतात, तिथं तडजोड झाली तर निकाल कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. जाताना मूळ कागद बरोबर न्या पण देऊ नका, झेरॉक्सचे दोन संच करून न्या.